लेखनाचा नेम आणि त्याची सांगता

॥ श्रीराम समर्थ ॥



गेल्या दासनवमीस माझ्या हातून लिहून झालेली श्रीमत् दासबोधाची प्रत आपल्या मंदिरात रामरायाच्या चरणी ठेवण्यात आली आणि मंडळाने शाल व श्रीफळ देऊन माझे कौतुक केले. त्या दिवशी धारहूनही बरीच मंडळी मुद्दाम आली होती. पुढे कार्यवाहांनी आज्ञा केली की वर्षभराच्या या लेखनाचा अनुभव पत्रिकेसाठी लिहून द्यावा. मी पुजाऱ्याचा मुलगा. शिक्षण बारावीपर्यंत आणि तेही हिंदी माध्यमातून. निरूपण करण्याचा अधिकार माझ्या वडिलांचा. माझे काम समया घासण्याचे आणि फुले आणण्याचे. तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींसमोर चार शब्द लिहिण्याचे धाडस होत नव्हते. तरीही लिहावयास बसलो आहे, त्याला कारण आहे. दासनवमीच्या दिवशी माझ्याविषयी जे सांगितले गेले, त्यातील एक वाक्य खरे नव्हते. आणि ते वाक्य सांगणाऱ्याचे नव्हे, माझेच होते. त्याचा उलगडा पुढे येईल. आधी नेमाची हकिगत सांगितली पाहिजे, नाहीतर त्या वाक्याचे वजन ध्यानात येणार नाही.

आरंभ फारसा पवित्र नव्हता, हेही सांगून टाकतो. माझ्या वयाच्या मुलांत हल्ली शंभर दिवसांचे, वर्षाचे असे ‘चॅलेंज’ घेण्याची रीत आहे. कोणी रोज धावतो, कोणी रोज एक पान लिहितो आणि त्याचे चित्र मोबाइलवर सर्वांना दाखवितो. मीही एका रात्री जेवताना अण्णांना म्हणालो, “अण्णा, मी एक चॅलेंज घेणार आहे. वर्षभर रोज लिहिणार.” अण्णांनी विचारले, “आव्हान कोणाला दिलेस?” मला उत्तर सुचेना. तेव्हा ते म्हणाले, “आव्हान कोणाविरुद्ध तरी असते. नेम कोणासमोर तरी असतो. तुला यातले काय करायचे ते आधी ठरव, मग वही आण.”

दुसऱ्या दिवशी वही आणली, पाठोपाठ पुठ्ठ्याच्या बांधणीची आणखी चार रजिस्टरे आणली, आणि काय लिहावे हेही अण्णांनीच सुचविले. दिवसातून काहीतरी लिहीत जावे ही समर्थांची म्हणून सांगितली जाणारी शिकवण लहानपणापासून कानांवर होती. मग समर्थांचाच ग्रंथ का नको? हिशेब अण्णांनी पंचांगाच्या मागील कोऱ्या पानावर केला. प्रचलित दासबोधात वीस दशक, दोनशे समास आणि ७७५१ ओव्या. चांद्र वर्षाचे दिवस ३५४. रोज बावीस ओव्या लिहिल्या तर ३५२ दिवसांत ७७४४ होतात आणि ३५३ व्या दिवसासाठी सात उरतात. म्हणजे एका दासनवमीस प्रारंभ केला तर पुढील दासनवमीच्या आधी ग्रंथ पुरा होतो. माघ वद्य नवमी, जिला आपल्या माळव्यातील शेजारी त्यांच्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन कृष्ण नवमी म्हणतात, त्या दिवशी पहाटे साडेचार वाजता देवासमोर संकल्प सोडून मी पहिली ओवी लिहिली. रोज जेवढे लिहून होईल तेथे समासात, म्हणजे कागदाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, तिथी आणि वेळ घालावयाची असे मीच ठरविले. ही तिथी घालण्याची हौस पुढे मला भोवली.

छापील दासबोध शे-दोनशे रुपयांस मिळत असता हाताने लिहिण्याचा खटाटोप कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले. हा प्रश्न खोटा नाही. छपाई नव्हती तेव्हा ग्रंथ टिकला तो लिहिणाऱ्यांच्या हातांवर. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये सांगितलेली टीका सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढे तीनशे वर्षांत नकला होता होता पाठ इतके बिघडले की शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांना निरनिराळ्या प्रती ताडून ती शुद्ध करावी लागली. शिवथरच्या घळीत समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहून घेत, ही कथा आपण कीर्तनातून ऐकतो. कल्याणस्वामींच्या डोमगावच्या मठात त्यांच्या हातची प्रत जपली गेली, आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी शके १८२७, म्हणजे इसवी सन १९०५ मध्ये, त्या प्रतीवरून दासबोध छापून प्रसिद्ध केला. आज आपण जो ग्रंथ वाचतो तो अशा हातांवरून आपल्यापर्यंत आला आहे. पण हे झाले पूर्वीचे. आता माझ्या लिहिण्याने ग्रंथ टिकणार आहे असा भ्रम मला नव्हता. माझे कारण लहान होते. मला मराठी नीट लिहिता येत नव्हते.

धार आणि देवास येथील घराघरांत ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण आपण ती बोलत नाही. पवारांच्या बरोबर आपली घराणी या मुलखात आली, त्याला जवळजवळ तीनशे वर्षे होत आली. घरात मराठी, देवघरात मराठी आणि शाळेत हिंदी, अशी आमची पिढी वाढली. आरत्या पाठ असतात, पण त्या लिहावयास सांगितल्या तर ‘ळ’ कोठे घालावा हे कळत नाही. शाळेच्या पुस्तकातील हिंदीत ते अक्षरच नाही. पहिल्या दशकात मी ‘सकळ’ हा शब्द तीन ठिकाणी ‘सकल’ असा लिहिला. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची आणि मधूनच एखादे मराठी वळणाचे, असे ते मिश्रण होते. त्यात समर्थांच्या काळचे ‘येक’, ‘ल्याहावे’ असे शब्द आले की मी शहाणपणाने ते सुधारून ‘एक’, ‘लिहावे’ करीत असे. चार दिवसांनी अण्णांच्या ते दृष्टीस पडले. ते इतकेच म्हणाले, “अरे, तू नकलकार आहेस. गुरुजी व्हायला अजून वेळ आहे.” ती पाने मी पुन्हा लिहिली.

वाचताना डोळा पुढे पळतो. लिहिताना हाताला पळता येत नाही. या एका गोष्टीने मला जे दिले ते दहा पारायणांनी दिले नसते. मात्र हातही फसतो. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक ओवी एकाच शब्दांनी संपते. लिहिणारा वर पाहतो, खाली पाहतो आणि पुन्हा वर पाहतो तेव्हा त्याचा डोळा तशाच शेवटाच्या भलत्याच ओवीवर जाऊन बसतो. माझ्या दोन ओव्या अशा गळाल्या. मूर्खांच्या यादीतील दोन लक्षणे गाळून मी स्वतः त्या यादीत दाखल झालो, असे घरात बरेच दिवस म्हटले जात असे. जुन्या प्रतींत ओव्या कशा गळतात, यावर विद्वानांनी जे लिहिले असेल ते असो. मला ते त्या पहाटे समजले.

आणि एक गंमत पाहा. लिहावे कसे, याचे समर्थांनी स्वतंत्र निरूपण केले आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळींमध्ये सारखे अंतर असावे, कागदाच्या भोवती जागा सोडावी म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, पहिले अक्षर आणि ग्रंथाचे शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, इतक्या बारकाईने ते सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, हेही तेथेच आहे. परंतु हा समास येतो एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी! एकशे ऐंशी समास लिहून झाल्यावर मी तेथे पोहोचलो. तोपर्यंत कागद वाचविण्याच्या नादात मुंगीसारखी अक्षरे काढून मी चार रजिस्टरे भरली होती. अण्णांना माझे दुसरे दशक वाचावयास भिंग लागते. संपूर्ण ग्रंथ आधी वाचला असता तर हे टळले असते, असे कोणी म्हणेल. मी तो वाचला होता, दोनदा. पण लिहिण्याची वेळ येईपर्यंत तो समास मला उद्देशून आहे असे वाटलेच नव्हते.

शाईविषयीही एक वाक्य लिहू द्या. आपल्या देवासला १९७४ पासून नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे आणि नोटांची शाईही तेथे तयार होते. त्यामुळे कागद आणि शाई यांची किंमत देवासकरांना कोणी शिकवावी असे नाही. तरी माझ्या दौतीतील शाई पावसाळ्यात फुटली आणि सातव्या दशकातील काही पाने निळी धुरकट झाली ती झालीच.

आता त्या वाक्याकडे येतो.

नेम सुरू होऊन दीड महिना झाला होता. रामनवमीचा उत्सव पार पडला आणि तिसऱ्या दिवशी अण्णांना ताप भरला. विषमज्वर निघाला. इंदुरास रुग्णालयात ठेवावे लागले आणि अकरा दिवस ते तेथे होते. पहाटेची पूजा मी करावी, नैवेद्य झाला की बस धरावी, दिवसभर अण्णांजवळ बसावे, आईला थोडे झोपू द्यावे आणि रात्री परत येऊन शेजारती करावी, असा क्रम चालला. त्या अकरा दिवसांत मी एक अक्षर लिहिले नाही. वही एकदा पिशवीत घालून नेलीही होती, पण तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे समास लागले होते, देहाला होणाऱ्या रोगांची लांबलचक यादी समोर होती, आणि अण्णांच्या हाताला सलाइनची नळी. वही उघडून पुन्हा बंद केली.

यात दोष काही नव्हता. आजाऱ्याची सेवा टाकून ओव्या लिहीत बसलो असतो तर समर्थांनीच मला मूर्खलक्षणांत बसविले असते. दोष त्यानंतरचा आहे. अण्णा घरी आले, त्यांना पथ्याचे अन्न पचू लागले, आणि मी दोन रात्री जागून २४२ ओव्या एकदम लिहून काढल्या. येथपर्यंतही ठीक होते. राहिलेला जप दुसऱ्या दिवशी पुरा करण्याची रीत आहेच. परंतु समासातील कोऱ्या जागेत मी त्या अकरा दिवसांच्या अकरा तिथ्या घातल्या आणि प्रत्येकीपुढे ‘पहाटे ४॥’ असे लिहिले. कोणी मागितले नव्हते, कोणी तपासणार नव्हते. वहीत अकरा दिवसांची खिंड दिसू नये एवढाच हेतू. हात जराही कापला नाही, हे मला आज अधिक बोचते. ती अकरा तिथ्यांची अक्षरे इतर अक्षरांहून चांगली आली आहेत.

मग वर्ष गेले. नेम पुढे एकही दिवस चुकला नाही, आणि जसजसे दिवस वाढले तसतसा मला त्या खोट्या अकरा दिवसांचा विसर पडत गेला. खरे तर विसर नव्हे. ते दिवस मला खरे वाटू लागले. कोणी विचारले, “रोज लिहितोस?” की मी सहज म्हणे, “रोज.” दासनवमी दोन दिवसांवर आली असता शेवटच्या सात ओव्या लिहिल्या. तो विसाव्या दशकाचा दहावा समास. तेथे समर्थ ग्रंथाचे कर्तेपण आपल्याकडे घेत नाहीत; देह पंचभूतांचा, करणे सारे जगदीशाचे, मग कवित्व तेवढे माणसाचे कसे म्हणावे, अशा आशयाच्या त्या ओव्या आहेत. त्या लिहून झाल्या, शाई वाळली, आणि त्यांच्याच खाली मी ठळक अक्षरांत माझे नाव घातले आणि लिहिले की ही प्रत अमुक तिथीपासून अमुक तिथीपर्यंत, एकही दिवस खंड न पडता लिहिली. हेच ते वाक्य. कार्यवाहांनी दासनवमीस तेच वाचून दाखविले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. अण्णा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे होते. त्यांनीही ते ऐकले.

नेम संपला त्याच्या दुसऱ्या दिवशीचे एक सांगावयाचे राहिले. साडेचारला आपोआप जाग आली. दिवा लावला, आसनावर बसलो, टोपण काढले आणि लिहावयास काही नव्हते. वर्षभर मी मनाशी म्हणत असे की पुरे होईल तेव्हा किती मोकळे वाटेल. मोकळे नव्हे, रिकामे वाटले. घरातून पाहुणा गेल्यावर त्याचा पाट कोठे ठेवावा ते सुचू नये, तसे. माझ्या वयाचे ज्यांनी असे काही दीर्घकाळ चालवून संपविले आहे ते हेच सांगतात. अण्णा तेव्हा पूजेची तयारी करीत होते. माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “संपले असे कोणी सांगितले? प्रत मिळवायची राहिली आहे.”

प्रत मिळविणे म्हणजे एकाने मूळ पोथी वाचावी आणि दुसऱ्याने नक्कल हाती धरून अक्षर अन् अक्षर ताडावे. उत्सवाची गर्दी ओसरल्यावर रोज दुपारी आम्ही बसू लागलो. मी छापील पोथी वाचीत असे आणि अण्णा भिंग घेऊन माझी वही पाहत. चुका निघत गेल्या: गळलेली मात्रा, ‘ळ’ चा ‘ल’, दोनदा लिहिलेला चरण. पाचव्या की सहाव्या दुपारी तिसरे दशक लागले. अण्णांनी भिंग खाली ठेवले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, “या तिथीला पहाटे साडेचार वाजता मी इंदुरास होतो. सलाइन लावलेली होती. तू कुठे बसून लिहीत होतास?”

मी काही बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. स्वयंपाकघरातून आईने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. शेवटी मी म्हणालो, “अण्णा, अकरा दिवस लिहिले नव्हते.” ते म्हणाले, “ते मला तेव्हाच माहीत होते. तू दिवसभर माझ्या उशाशी होतास. मला वाटले होते, या मुलाच्या वहीत अकरा पाने माझ्यासाठी कोरी राहिली असतील. आज पाहतो तर भरलेली.”

हे ऐकून मला काय वाटले ते लिहिता येत नाही. शरम तर होतीच. पण जो खंड मी कमीपणा समजून झाकला, तो त्यांच्या लेखी माझ्या वर्षातील चांगला भाग होता, हे त्याहून कठीण होते.

थोड्या वेळाने त्यांनी नैवेद्याची गोष्ट काढली. “देवाला नैवेद्य दाखवायला उशीर होतो की नाही कधी? आई आजारी असते, गॅस संपतो. तेव्हा आपण काय करतो? ताट ठेवतो, हात जोडतो, उशीर झाला म्हणतो. गाभाऱ्यातले घड्याळ मागे फिरवून मग ताट ठेवत नाही.” आणि मग त्यांनी मला आठवण दिली ती पूजेच्या शेवटाची. पूजा लहान असो की महापूजा असो, सांगता करताना आपण म्हणतो काय? मंत्र कमी पडला असेल, क्रिया कमी पडली असेल, भक्ती कमी पडली असेल, ते देवा तू पुरे करून घे. हे आपण रोज म्हणतो, आणि रोज म्हटल्यामुळे त्याचा अर्थ ऐकत नाही. सारे उपचार यथासांग केल्यावरही शेवटचा उच्चार उणेपणाचा आहे. यथासांग झाले असे सांगून पूजा संपत नाही. उणे राहिले असे सांगून ती संपते, आणि म्हणूनच संपू शकते. एरवी कोणाची पूजा पुरी झाली असती?

जुने नकलकार हे जाणत होते. हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी त्यांचे ठरावीक श्लोक असतात. पाठ, कंबर आणि मान मोडून, डोळे ताठवून, खाली तोंड करून हे मी कष्टाने लिहिले आहे, तेव्हा जपून ठेवा, असे एकात म्हटलेले असते. दुसऱ्यात असते की जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नये. पहिला मला फार आवडे आणि दुसरा पळवाटीचा वाटे. आता तसे वाटत नाही. त्या माणसाने निदान अशुद्ध असू शकेल हे मान्य करून तर लेखणी ठेवली. मी ज्या जागी ते श्लोक असावयाचे त्या जागी स्वतःचे प्रशस्तिपत्र लिहिले होते.

धारच्या वाचकांना तेथील एका शिळेचे स्मरण देतो. माझे आजोळ धारचे, म्हणून मामांनी लहानपणी मला ती हकिगत सांगितली होती. १९०३ साली धार येथे एक मोठी कोरीव शिळा मिळाली. परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने रचलेली पारिजातमंजरी ही चार अंकांची नाटिका त्या काळी दगडावर कोरविली होती. त्या शिळेवर पहिले दोन अंक आहेत. उरलेले दोन ज्या शिळेवर असतील ती हाती आली नाही. तरी विद्वानांनी आहे तेवढे वाचून छापले, आणि पुढे नाही ते नाही म्हणून सांगितले. कोणी मागील दोन अंक स्वतः रचून मदनाच्या नावावर घातले असते तर आज आपण त्याला काय म्हटले असते? मी वेगळे काय केले होते?

देवासच्या मंडळींना दुसरे उदाहरण सांगावयास नको, ते टेकडीच्या पायथ्याशीच घडले. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात हवापालटासाठी आपल्या गावी आले आणि काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. ज्याचे आयुष्य नित्य रियाजावर उभे त्याला एवढा खंड! त्या काळात ते अंथरुणावरून माळव्यातील बायाबापड्यांची गाणी ऐकत राहिले, आणि पुन्हा गाऊ लागले तेव्हा ती ऐकलेली लोकगीते त्यांच्या गाण्यात उतरली होती. खंड पडला होता हे त्या गाण्यातून ऐकू येई, आणि लोक त्याचसाठी ते ऐकावयास येत. माझी तुलना त्यांच्याशी करण्याचा मूर्खपणा मी करीत नाही. अण्णा बोलल्यानंतर जे सुचले ते लिहिले, इतकेच.

वाचकहो, नित्यकर्माचा लोप झाला असता त्याला प्रायश्चित्ते सांगितलेली आहेत आणि ती फारशी कठीणही नाहीत. मी अण्णांना विचारले की मला कोणते? ते म्हणाले, लोपाचे प्रायश्चित्त तर तू दोन रात्री जागून तेव्हाच घेतलेस; राहिले ते दुसरे, आणि ते ज्यांनी टाळ्या वाजविल्या त्यांच्यासमोरच व्हावयास हवे. म्हणून हा लेख. आई मात्र म्हणाली की एवढ्यातेवढ्यासाठी पत्रिकेत कशाला, लोक काय म्हणतील. दोन दिवस मी तिच्या बाजूचा होतो, हे लपवीत नाही.

आता वहीत काय केले ते सांगतो. तिसऱ्या दशकातील त्या अकरा तिथ्या खोडल्या नाहीत. खोडले असते तर पुन्हा झाकणेच झाले असते. प्रत्येकीवर तांबड्या शाईची एक आडवी रेघ ओढली आहे, तिच्याखालचे अक्षर वाचता येते, आणि शेजारी खरी तिथी व वेळ घातली आहे. अखेरच्या पानावरील ‘एकही दिवस खंड न पडता’ या शब्दांवरही तशीच रेघ आहे आणि खाली लिहिले आहे: रामनवमीनंतर अकरा दिवस वडिलांच्या आजारपणात लेखन झाले नाही, त्या ओव्या पुढे दोन रात्रींत लिहिल्या. नाव तेथेच ठेवले आहे, कारण आता ते रेघेच्या दोषाचेही धनी आहे. श्रीफळ त्याच दिवशी प्रसादात वाटले गेले, ते परत देता येत नाही. शाल घडीचीच होती, ती मी कार्यवाहांकडे नेऊन दिली. त्यांनी घेण्यास बराच नकार दिला, मग घेतली.

प्रत मिळविण्याचे काम अजून चालू आहे. आम्ही नवव्या दशकापर्यंत आलो आहोत आणि आतापर्यंत लहानमोठ्या एकशे चौदा चुका निघाल्या आहेत. अण्णांचे डोळे दुपारी लवकर थकतात, म्हणून तिसरा कोणी वाचणारा असला तर बरे होईल. रोज दुपारी चार वाजता सभामंडपात आम्ही बसतो. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली घरची पोथी आणि चष्मा बरोबर आणावा. मुले आली तर उत्तमच. त्यांना ‘ळ’ ओळखण्याचे काम देता येईल. चूक आढळल्यास पेन्सिलीने खूण करावी, शाईने करू नये.